संगणकाचा ताप आणि दप्तराची राखण

संगणकाच्या आजारावर बोलण्यासाठी कामगार संघटनेच्या माणसास उभे केलेले पाहून श्रोत्यांपैकी काहींना नवल वाटले असेल. ते रास्त आहे. आम्ही इंजिनिअर नव्हे. या यंत्राचे शास्त्र आम्ही कोणत्याही महाविद्यालयात शिकलेलो नाही. परंतु रोगाची माहिती जशी वैद्याला असते, तशी ती रोग भोगलेल्यालाही थोडीबहुत असते, आणि हा रोग आम्ही भोगला आहे. आज घरोघरी, दुकानांत, पतपेढ्यांत आणि शाळांत हे यंत्र बसले आहे व त्याच्या पोटात माणसांची दप्तरे आहेत. ते तापून बंद पडू लागले, आणि त्यातच हार्ड डिस्क बिघडल्याची शंका आली, तर आधी काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, एवढाच आजचा विषय.

गोष्ट २०२३ च्या जून महिन्यातली. आमच्या संघटनेचे कार्यालय लोणावळ्यास एका जुन्या इमारतीच्या माडीवर आहे. लोणावळ्याचा पाऊस कसा असतो हे येथे बसलेल्यांस सांगावयास नको. वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या आसपास, कधी त्याच्या कितीतरी पुढे. तीसेक किलोमीटरांवर तळेगावात त्याचा थोडासाच हिस्सा पडतो. तेथल्या माणसास आमच्या भिंतींची ओल सांगून पटत नाही. चपलांवर बुरशी चढते, मीठ पाझरते, काडेपेटीची काडी दहादा घासावी लागते. तर पहिल्या पावसात छपरातून थेंब पडू लागले, म्हणून संगणकाच्या पेटीवर आम्ही प्लॅस्टिकचा कागद घातला आणि सुतळीने नीट बांधून टाकला. वायरींपुरती मागची बाजू उघडी ठेवली, परंतु पेटी सरकवून भिंतीला टेकवली. हे शहाणपण दुसऱ्या कोणाचे नव्हे, आमचेच, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

आठ दिवसांत यंत्र कुरकुरू लागले. आधी ते मंद झाले. एक पत्र उघडावयास चहा पिऊन व्हावा इतका वेळ लागे. मग पंख्याचा आवाज वाढला. मग वीस-पंचवीस मिनिटे चालून ते एकाएकी बंद पडू लागले. थोड्या वेळाने पुन्हा चालू होई, पुन्हा बंद. असे आम्ही दिवसाकाठी आठ-दहा वेळा केले. शेवटी पडदा निळा झाला, आणि त्यानंतर जेव्हा यंत्र सुरू झाले तेव्हा एक फाइल उघडेना, दुसरीचे नाव दिसे पण आत काही नसे, आणि पेटीतून मधूनच घड्याळासारखी बारीक टिकटिक ऐकू येई.

आम्ही एका दुरुस्तीवाल्यास बोलावले. तरुण होता, हात चलाख होता. त्याने दहा मिनिटे पाहून सांगितले, "काका, विंडोज करप्ट झालंय. फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळपर्यंत मशीन नवीन."

"आणि आतले कागद?"

"बॅकअप असेल ना तुमच्याकडे?"

बॅकअप नव्हता. आणि त्या पेटीत काय होते ते सांगितल्याशिवाय आमची तेव्हाची अवस्था ध्यानी यावयाची नाही. मावळातल्या एका कारखान्यातील ३३ ठेकेदारी कामगारांचा दावा पुण्याच्या कामगार न्यायालयात चालू होता. वर्षात २४० दिवस काम भरले की सलग नोकरी धरावी, हे माप १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने घालून दिलेले होते. पण ते दिवस भरले हे कोणी सिद्ध करावयाचे? २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात ते ओझे कामगाराच्या डोक्यावर ठेवले, आणि नुसते प्रतिज्ञापत्र पुरेसे नाही असेही सांगितले. आता ठेकेदारी कामगाराजवळ पुरावा तो कोणता? हजेरीचे कार्ड, आणि ते महिनाअखेर ठेकेदार परत घेई. म्हणून आम्ही दर महिन्याच्या शेवटच्या रात्री ती कार्डे गोळा करून स्कॅन करीत असू आणि सकाळी ज्याची त्यास परत देत असू. दीड वर्षाचे ते काम, सहाशेच्या आसपास चित्रे, सगळी त्या एका पेटीत. तारीख तीन आठवड्यांवर आलेली.

दुरुस्तीवाल्यास आम्ही जवळजवळ होकार दिला होता. तो चुकीचे बोलत होता असेही नव्हे; त्याला यंत्र चालू करून द्यावयाचे होते, आणि फॉरमॅट मारल्याने यंत्र बहुधा चालू झालेही असते. यंत्र त्याचे आणि दप्तर आमचे, एवढाच फरक. तेवढ्यात आमच्या एका सभासदाची मुलगी, जी इंजिनिअरिंगच्या डिप्लोम्याच्या शेवटच्या वर्षाला होती, वडिलांचा डबा घेऊन आली. तिने टिकटिक ऐकली आणि भिंतीवरचे बटण बंद केले.

"काका, आता अजिबात चालू करू नका."

"अगं पण चालू केल्याशिवाय काय बिघडलंय ते कळणार कसं?"

"बघायचं म्हणून जितक्या वेळा चालू कराल, तितकं आतलं जास्त जाईल. आधी बाबांना विचारा, प्रेसमशीनवर अपघात झाला की तुम्ही सगळे काय करता ते."

तिच्या वडिलांना विचारण्याचे कारण नव्हते. पंचनामा होईपर्यंत कोणी जागा धुऊन काढू नये, तुटलेला पट्टा उचलून भंगारात टाकू नये, यंत्र फिरवून पाहू नये, यासाठी आम्ही आयुष्यभर व्यवस्थापकांशी भांडलो. आणि येथे आमच्याच कार्यालयात आम्ही जागा धुवावयास निघालो होतो.

आता या यंत्राला ताप येतो कोठून ते पाहू. आत प्रोसेसर नावाची एक चकती असते. यंत्राचे सगळे गणित तेथे होते. टेबलावरच्या साध्या संगणकातला प्रोसेसर कामाच्या भरात आला की सुमारे ६५ वॉट वीज खातो. ही वीज कोणतेही चाक फिरवीत नाही, ओझे उचलीत नाही. जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. जुना साठ वॉटचा पिवळा दिवा जळत असताना ज्यांनी त्याला चुकून हात लावला असेल, त्यांस ही उष्णता केवढी ते ठाऊक आहे. दिव्यात ती मोठ्या काचेवर पसरलेली असे. येथे तेवढीच उष्णता अंगठ्याच्या नखाहून थोड्या मोठ्या जागेतून निघते. ती वाहून नेण्यासाठी प्रोसेसरच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या पात्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो, ठोकळ्यावर पंखा, पेटीच्या मागे आणखी एक पंखा, आणि त्या पलीकडे खोलीतली हवा. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये एका पेस्टचा पातळ थर असतो. दोन धातू कितीही घासले तरी त्यांच्यात सूक्ष्म खळगे राहतात, खळग्यांत हवा राहते, आणि अडकून पडलेली हवा उष्णतेला वाट देत नाही. घोंगडी उबदार असते ती याच कारणाने. पेस्ट ते खळगे बुजवते. काही वर्षांनी ती वाळून खडूसारखी होते आणि मग प्रोसेसरवर जणू घोंगडी पडते.

एक्सप्रेसवे होण्यापूर्वी बोरघाटाच्या चढावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या मालमोटारी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यापुढचे सांगणे सोपे आहे. इंजिन बिघडलेले नसे. रेडिएटर चोंदलेला असे, नाहीतर पाणी आटलेले असे. जाणता ड्रायव्हर गाडी बाजूस घेऊन बिडी पेटवी आणि वाट पाही. अडाणी ड्रायव्हर गाडी तशीच रेटी. संगणकात हा जाणता ड्रायव्हर आतच बसवलेला आहे. तापमान एका मर्यादेला गेले, बहुतेक प्रोसेसरांत ही मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, की प्रोसेसर आपली चाल आपणच मंद करतो. आमच्या भाषेत सांगावयाचे तर तो मंदगती आंदोलन पुकारतो. तेवढ्यानेही भागले नाही तर हरताळ: यंत्र एकदम बंद. कारखान्यात चाल मंदावली की वरचे लोक कामगाराच्या नावाने बोटे मोडतात, शेडचा पंखा महिनाभर बंद आहे हे कोणी पाहत नाही. आम्हीही तेच केले. संगणक जुना झाला, नवीन घ्यावा, अशी चर्चा कार्यकारिणीत झाली. प्लॅस्टिक कोणी सोडले नाही.

तेव्हा पहिली गोष्ट अशी की, आपोआप बंद होणे हा मूळ रोग नव्हे, तो बचाव आहे. परंतु हा बचाव दुसऱ्या एका अवयवास महाग पडतो, आणि तो अवयव म्हणजे हार्ड डिस्क.

हार्ड डिस्क हे संगणकाचे दप्तर. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली डिस्क बाजारात आणली तेव्हा तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, ती कपाटाएवढी होती, आणि एवढ्या अवाढव्य यंत्रात पन्नास लाख अक्षरे मावत. आज मोबाइलने काढलेला एक फोटोही कित्येकदा तेवढी जागा खातो. कल्पना मात्र अजून तीच आहे. चुंबकीय लेप दिलेली तबकडी मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे फिरते आणि तिच्यावरून वाचणारे-लिहिणारे डोके हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगते. हे अंतर काही नॅनोमीटरांचे; माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो. आणखी एक गोष्ट पावसाळी गावाने विशेष ध्यानात घ्यावी. हेलियम भरलेल्या नव्या मोठ्या डिस्का सोडल्या तर या डब्या हवाबंद नसतात. त्यांना श्वास घेण्यासाठी एक बारीक छिद्र असते व आत गाळणी असते. गाळणी धूळ अडवते. ओल पूर्णपणे अडवते असे नव्हे.

आता उष्णतेने डिस्क मरते काय? पुष्कळ लोक ठामपणे होय म्हणतात. कंपन्या साधारणपणे ६० अंशांपर्यंतची मर्यादा छापतात, आणि पन्नाशीच्या खाली ठेवलेली बरी असे जाणते सांगतात. परंतु २००७ साली गूगल कंपनीच्या तिघा संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांच्या नोंदी तपासून जे प्रसिद्ध केले ते वाचून आम्हांस आश्चर्य वाटले. उष्णता आणि मृत्यू यांचा संबंध समजला जातो तितका घट्ट त्यांना आढळला नाही. अगदी वरच्या तापमानाला आणि तीन वर्षांहून जुन्या डिस्कांत तो दिसला. मग आमच्या डिस्कला काय झाले? थोडासा दोष वयाचा असेल. पण खरी मारहाण बहुधा आमच्या आठ-दहा वेळच्या बंद-चालूने केली. तबकडीवर लिहिणे चालू असताना वीज गेली की लिहिलेले अर्धे राहते.

येथे दोन निरनिराळे बिघाड आहेत आणि ते वेगळे ओळखणे हाच सगळ्या उपचाराचा कणा आहे. एक बिघाड अनुक्रमणिकेचा. कोणता कागद कोणत्या कप्प्यात आहे याची डिस्कवर एक वही असते. तिला फाइल सिस्टिम म्हणतात. अर्धवट लिखाणाने ही वही फाटते. कागद जागेवर असतात, पण सापडत नाहीत. आजची विंडोज किंवा लिनक्स अशा प्रसंगासाठी रोजकीर्द ठेवते व पुष्कळदा वही आपणच सांधून घेते, पण दरवेळी तिला ते साधतेच असे नाही. दुसरा बिघाड कपाटाचाच: तबकडीचा तुकडा खराब झाला, किंवा डोके नीट चालेना. पहिल्या बिघाडावर चेकडिस्क नावाची दुरुस्ती उत्तम काम करते. ती एखाद्या शिस्तीच्या कारकुनासारखी आहे. वही जुळवते, आणि ज्याचा हिशेब लागत नाही ते काढून टाकते किंवा निनावी गठ्ठ्यात बांधते. दुसऱ्या बिघाडावर मात्र हीच दुरुस्ती घातक. कपाट ढासळत असताना कारकून प्रत्येक कप्पा ओढून पाहत बसला तर काय होईल? आणि त्याने जे काढून टाकले ते परत कोण आणील?

म्हणून क्रम असा लागतो: आधी नक्कल, मग निदान, मग दुरुस्ती, आणि दुरुस्तीसुद्धा नकलेवर, मुळावर नव्हे.

त्या मुलीने डिस्क पेटीतून काढली आणि आपल्या लॅपटॉपला जोडली, पण त्यातली विंडोज सुरू केली नाही. विंडोज सुरू झाली की ती न विचारता डिस्कवर काही ना काही लिहू लागते. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करून तिने आधी डिस्कची प्रकृती वाचली. प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची एक नोंदवही आपल्यातच ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. तीत ओळींना क्रमांक आहेत. पाचव्या ओळीत किती तुकडे बाद करून राखीव जागेतून बदली दिले ते असते. १९७ व्या ओळीत ज्यांचा निकाल लागलेला नाही असे तुकडे. 'प्रलंबित' हा शब्द आम्हांस न्यायालयामुळे चांगला परिचित आहे. १९८ व्या ओळीत जे वाचताच आले नाहीत ते. या तिन्ही ठिकाणी शून्य असावे. आमच्या डिस्कवर प्रलंबितांची संख्या शंभराच्या वर होती. १९९ व्या ओळीकडेही तिने बोट दाखवले. तो आकडा वाढत असेल तर दोष पुष्कळदा डिस्कचा नसून तिच्या केबलचा असतो, आणि थोडक्या रुपयांची केबल बदलून काम भागते. ही ओळ न वाचता कितीतरी चांगल्या डिस्का भंगारात गेल्या असतील.

या नोंदवहीवर आंधळा विश्वास मात्र ठेवू नये. गूगलच्या त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक, ५६ टक्के, अशा निघाल्या की मुख्य चार खुणांपैकी एकीचाही त्यांत मागमूस नव्हता. म्हणजे वही स्वच्छ आहे एवढ्यावरून डिस्क निरोगी ठरत नाही. उलट वही मळली की मात्र घाई करावी: तपासणीत पहिला दोष आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत बंद पडण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट होता.

नक्कल करण्यासाठी डीडीरेस्क्यू नावाची विनामूल्य आज्ञावली वापरली. तिची रीत आम्हांस फार आवडली. साधी नक्कल करताना डिस्क एखाद्या खराब तुकड्यापाशी अडते, तोच पुन्हा पुन्हा वाचू पाहते, आणि त्या झटापटीत चांगला भागही गमावते. ही आज्ञावली अडलेले तेथेच सोडून पुढे जाते, आधी सगळे सुखरूप ते गोळा करते, कोठे काय राहिले त्याचा नकाशा ठेवते, आणि मग शेवटी राहिलेल्यांकडे एकेक करून वळते. वीज गेली तरी नकाशा असल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागत नाही. नकलेसाठी मूळ डिस्कएवढी किंवा मोठी नवी डिस्क लागते, ती तळेगावहून आणली. जुनी डिस्क उघड्या टेबलावर, तिच्यावर टेबलपंखा, आणि शेजारी आम्ही, अशा दोन रात्री काढल्या.

टिकटिकीविषयी येथेच सांगून टाकतो. आमची टिकटिक अधूनमधून होती आणि डिस्क वाचली जात होती, म्हणून हे धाडस झाले. टिकटिक एकसारखी असेल किंवा डिस्क ओळखच देत नसेल तर घरी काही करू नये. वीज तोडावी आणि जेथे धूळरहित खोलीत डिस्क उघडतात अशा ठिकाणी ती द्यावी. ते काम महाग असते. पण तबकडीवर घासणारे डोके प्रत्येक फेऱ्यात काही ना काही खरवडून काढते, आणि खरवडलेले कोणालाच परत मिळत नाही. डिस्क फ्रिजमध्ये ठेवावी असा एक तोडगा लोक अजून सांगतात. पावसाळ्यात थंड बाटली बाहेर काढली की तिला जो घाम सुटतो तो आठवा. लोणावळ्यात तर हा तोडगा म्हणजे डिस्कला आंघोळ घालणेच.

तिसऱ्या दिवशी आम्ही संगणकाच्या पेटीकडे वळलो. वीज तोडून, वायर काढून, झाकण उघडले. उदबत्तीची काजळी, ओलीने चिकटलेली धूळ आणि कापसाचे तंतू मिळून पात्यांच्या फटींत नमद्यासारखा थर बसला होता. बोटाने धरून अखंड पट्टी निघाली. धूळ काढताना तोंडाने फुंकू नये, थुंकीची ओल जाते. मऊ ब्रश किंवा हवेचा डबा घ्यावा, आणि पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर हवेच्या झोताने तो भरमसाट फिरून निकामी होतो. वीज पुरवणारा एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात धक्का देण्याइतकी वीज शिल्लक राहते. जुनी पेस्ट पुसून नवी लावली, वाटाण्याएवढी. चिक्कीच्या भट्टीवरचा कारागीर पाकाचा थेंब पाण्यात टाकून त्याची पारख करतो. इतके तरबेज आपण नसतो, तेव्हा हाताने पेटी चाचपण्याऐवजी तापमान आकड्यांत दाखवणारी आज्ञावली वापरावी. सफाईपूर्वी आमचा प्रोसेसर कामाच्या भरात ९७ अंशांवर जात होता, नंतर ६४. प्लॅस्टिक अर्थातच काढले. छपराचे कौल बदलण्यास गवंड्याने एक सकाळ घेतली.

स्मृती, म्हणजे रॅम, हीही एकदा तपासून घ्यावी असे त्या मुलीने सांगितले, कारण रॅम सदोष असेल तर चांगल्या डिस्कवरही चुकीचे लिहिले जाते आणि दोष मात्र डिस्कवर येतो. रात्रभर तपासणी लावली. ती निर्दोष निघाली.

हल्ली पुष्कळ यंत्रांत तबकडीची डिस्क नसून एसएसडी असते. तिच्यात फिरणारे काही नाही, ती चपळ आहे, धक्के सोसते. पण ती टिकटिक करीत नाही. जाते तेव्हा बहुधा न सांगता जाते. खोडलेले तिच्यातून परत मिळणे कठीण, आणि वर्षानुवर्षे विजेविना कपाटात ठेवली तर तिच्यातले लिखाण विरू शकते. तेव्हा दप्तर एसएसडीवर आहे म्हणून निर्धास्त होऊ नये.

कार्ल्याच्या चैत्यगृहात दाराशी धेनुकाकटच्या एका सुताराचे नाव कोरलेले आहे: वेणुवासाचा मुलगा सामी. सुमारे दोन हजार वर्षे इतका पाऊस खाऊन ते अजून वाचता येते. कोणत्या श्रीमंताने किती दिले हेही त्या लेण्यात जागोजाग आहेच. परंतु काम करणाऱ्याचे नाव टिकावे याचा आम्हांस विशेष आनंद होतो. आमच्या ३३ जणांची हजेरी दगडावर नव्हती, आणि एका पेटीवर विसंबण्याचा अपराध आमचा होता. आता हजेरीच्या तीन प्रती असतात. एक संगणकात, एक वेगळ्या डिस्कवर, जी नक्कल होताच काढून ठेवली जाते, आणि तिसरी तळेगावच्या सहकाऱ्याच्या घरी, जेथे आमचे छप्पर गळले तरी पाणी पोचत नाही. महिन्यातून एकदा त्या प्रतीतली कोणतीही दोन चित्रे उघडून पाहावयाची, असा ठरावच केला आहे. कारण न उघडलेला बॅकअप हा न मोजलेल्या गल्ल्यासारखा असतो. याशिवाय महत्त्वाचे कागद छापून लिफाफ्यात. जुन्या लोकांनी हसू नये. आम्हीही उशिरा शिकलो.

दोन रात्रींच्या शेवटी डिस्कचा जवळजवळ सगळा भाग उतरला होता. त्या नकलेची आणखी एक नक्कल करून तिच्यावर चेकडिस्क चालवली, तेव्हा फाटलेली वही बहुतेक सांधली गेली. सहाशेपैकी १९ चित्रे मात्र उघडली नाहीत. ज्या तुकड्यांवर ती होती ते वाचलेच गेले नव्हते. ही १९ चित्रे चौघा कामगारांची निघाली. त्यांपैकी एकाने आपल्या कार्डांचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढून ठेवले होते, आम्हांस न सांगता. आमच्यावर त्याचा पुरता भरवसा नव्हता असे तो नंतर हसत म्हणाला. दुसऱ्याच्या बायकोने कामशेतच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत झेरॉक्स जपल्या होत्या. उरलेल्या दोघांकडे काही नव्हते. त्यांच्या पगाराच्या बँकेतील नोंदी मागवल्या, शेजारच्या यंत्रावर काम करणाऱ्यांच्या साक्षी दिल्या, आणि कारखान्याचा मूळ हजेरीपट न्यायालयात हजर करावा असा अर्ज केला. ३१ जणांची कार्डे ठरल्या तारखेस दाखल झाली. त्या दोघांच्या अर्जावर अजून तारखा पडत आहेत.